मासळीच्या गाडीची चासी

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "काका, तुमच्या लिलावातल्या गमतीजमती लिहा. हलकंफुलकं असू दे, दिवाळीत लोकांना तेच आवडतं." मी हो म्हणालो. त्याला तीन आठवडे झाले. रोज सकाळी चहा झाला की फुलपाड्याच्या आमच्या गॅलरीत कागद घेऊन बसतो, दोन ओळी हलक्याफुलक्या लिहितो आणि तिसऱ्या ओळीला माझं डोकं तापतं. बायको आतून म्हणते, एवढं दात खाऊन काय लिहिताय. तेव्हा बाईंची माफी मागून आधीच सांगतो की या लेखात गमती कमी आहेत आणि राग जास्त आहे. त्यातला बराचसा माझा माझ्यावरच आहे, पण तो शेवटी येईल. आधी इतरांची पाळी.

मी चाळीस वर्षं जुन्या कामाच्या गाड्या बघितल्या. ट्रक, डंपर, टँकर, रोडरोलर, क्रेन. सुरुवातीला गोखिवऱ्याच्या एका गॅरेजात मिस्तरी होतो. मग लोक मला लिलावाला सोबत न्यायला लागले आणि तोच धंदा झाला. एखादी खाण बंद पडते, एखाद्या कंपनीला टाळं लागतं, एखादी संस्था जुनी गाडी काढून नवी घेते. मग ही सगळी धुडं एका मोकळ्या जागेत रांगेने उभी करतात आणि लिलावाच्या आधी एखादा दिवस बघायला देतात. घेणाऱ्याला त्यातलं कळत नाही, म्हणून तो माझ्यासारख्याला घेऊन येतो. मी बघायचो आणि सांगायचो, घ्या किंवा नका घेऊ. बस्, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. एका शब्दावर समोरच्या माणसाचं घर उभं राहतं किंवा बसतं, हे सोडलं तर सोपंच आहे.

लिलावाचा एक नियम असतो. "जसं आहे तसं, जिथं आहे तिथं." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं तो मला एकदा भेटायला हवा होता. गाडीचं इंजिन आहे पण सुरू करून बघायचं नाही. बॅटरी काढून ठेवलेली असते. चाक फिरवून बघायचं नाही. बॉनेट उघडायला मागितलं की यार्डवाला असा चेहरा करतो की मी त्याच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडतोय. लग्नाला स्थळ बघायला गेलात आणि मुलगा पांघरूण घेऊन झोपलेलाच दाखवला, तर होकार द्याल का? आम्ही मात्र द्यायचा. आता तर तेही राहिलं नाही. मोबाइलवर सहा फोटो येतात, त्यातले चार रंगाचे असतात, आणि लोक घरी सोफ्यावर बसून बारा टनांची गाडी घेतात. मग मला फोन करतात, मिस्तरी, जरा येऊन बघता का? घेतल्यावर बघून मी काय करू, हार घालू?

विकणाऱ्यांच्या युक्त्या सांगाव्यात तेवढ्या थोड्या. गिअरबॉक्स खडखडत असेल तर तेलात लाकडाचा भुसा टाकतात, आवाज दोन दिवस गप्प बसतो. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा जो गोळा असतो त्यात पिकलेली केळी कुस्करून घालतात. हो, केळी. वसईच्या केळ्यांचं नाव लोक कुठल्याकुठल्या कारणाने काढतात, पण चंदनसारच्या एका यार्डात मी गोळ्याचं झाकण उघडलं आणि शिकरणीचा वास आला, तेव्हा मला रडावं की हसावं कळेना. कुणी खासगी विकणारा असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधी तासभर गाडी चालवून इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे ते पटकन सुरू होतं. म्हणून मी गेल्या गेल्या काही न बोलता इंजिनवर तळहात ठेवायचो. गरम लागलं की मी म्हणायचो, चहा पिऊन येतो, दोन तासांनी बघू. त्यावर विकणाऱ्याचा चेहरा बघितला की निम्मी पाहणी तिथेच व्हायची.

बाकीचं काम नाक, कान आणि हातोडीचं. तेलाचा वास घ्यायचा. आणि चासी वाजवायची. चासी म्हणजे गाडीचा कणा, खालून जाणारे दोन लांब लोखंडी बीम, ज्यांच्यावर बाकी सगळं बसलेलं असतं. इंजिन बदलता येतं, केबिन बदलता येते, चासी गेली की गाडी गेली. लहान हातोडीने तिला जागोजागी ठोकायचं. चांगलं लोखंड खणखणतं. गंजून पोखरलेलं बद्द वाजतं आणि त्याच्या खपल्या गळतात. एवढं करूनही शेवटी पाठीवर झोपून गाडीखाली जायचंच, कारण बीमची आतली बाजू फक्त तिथून दिसते. गॅरेजात नवीन येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. जो गाडीखाली गेला नाही त्याने तोंड उघडायचं नाही.

एक गिऱ्हाईक असंही मिळालं होतं की ज्याला चालणारा रोलर नकोच होता. नालासोपाऱ्याकडे त्याचं लग्नाचं लॉन होतं आणि फाटकाशी जुना रोडरोलर उभा करून त्यावर वधूवरांचे फोटो काढायचे, असा त्याचा बेत होता. मी त्या रोलरचं इंजिन, रोल, ब्रेक सगळं बघून तासाभराने सांगितलं की अजून दहा वर्षं रस्ता करील. तो म्हणाला, ते जाऊ द्या हो, गुलाबी रंग बसेल ना? मी त्या दिवशी त्याचा चहासुद्धा घेतला नाही. ज्या रोलरने आयुष्यभर डांबर दाबलं त्याच्यावर आता करवली बसून गॉगल लावते. तो रोलर अजून तिथे आहे. मी त्या रस्त्याने जायचं टाळतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहितोय तिकडे येतो.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळे धरून चालतात. मासळीची गाडी घ्यायची नाही. मासळी बर्फात जाते, बर्फाचं खारट पाणी फळ्यांमधून खाली गळतं आणि थेट चासीवर पडतं. पाच-सात वर्षांत चासीचा पापड होतो. मासळीची गाडी यार्डात आली की आम्ही पारखी लोक लांबूनच नाक मुरडायचो, आणि त्यात वासाचा भाग कमीच असायचा.

अकरा वर्षांपूर्वी पाचूबंदरच्या एका मच्छीमार संस्थेने आपली जुनी गाडी लिलावाला काढली. लांब नाकाची, लाकडी बॉडीची, जुन्या चालीची गाडी. ती सत्तावीस वर्षं एकाच माणसाने चालवली होती. त्याचं नाव कैतान. तिथल्याच ख्रिस्ती कोळ्यांपैकी, तेव्हा सत्तरीला टेकलेला, हाडापेराने मोठा, बोलायला कमी. त्याची मुलगी मॅगी बाजारात मासळी विकायची आणि तिला आता स्वतःची गाडी हवी होती, म्हणजे बंदरावरचा माल दुसऱ्याच्या टेम्पोची वाट न बघता नेता येईल. बाप म्हणत होता, आपलीच गाडी घे. ती मला घेऊन आली.

यार्डाच्या फाटकाशी तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "मिस्तरी, तुमी बघा. बाबा बोलतो गाडी चांगली हाय. पन तो त्याच्या गाडीला वाईट कसा बोलंल? तुमी बोलाल ते मी ऐकीन."

पावसाळ्याचे दिवस होते. कैतान आधीच गाडीपाशी उभा होता, दाराच्या मुठीवर हात ठेवून. मी इंजिन बघितलं, ते उत्तम होतं. केबिन बघितली, डॅशबोर्डवर मरियामातेची छोटी मूर्ती तीन स्क्रूंनी बसवलेली होती. मग चासीकडे वळलो. बाहेरून बीमवर काळपट तपकिरी जाड थर. हातोडी मारली, बद्द. दुसरीकडे मारली, बद्द. तपकिरी खपल्या माझ्या बुटावर पडल्या. मी उभा राहून हात झटकले आणि ऑफिसातून कागद बघून परत आलेल्या मॅगीला सांगितलं, ही कुजलीय, हिला हात लावू नका.

कैतान म्हणाला, "ती कुजली नाय. तिला मी चंद्रुस लावलाय. दर सालाला."

चंद्रुस म्हणजे एक प्रकारची राळ. मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलात उकळून कोळी लोक तो बोटीच्या लाकडाला फासतात, म्हणजे लाकूड पाणी पीत नाही. हे मला ऐकून माहीत होतं. त्याने पुढे हेही सांगितलं की बोटी पाण्यात लोटायच्या आधी सगळ्यांचं फासून झालं की उरलेला चंद्रुस तो गाडीच्या चासीला लावायचा, आणि बर्फाचं पाणी चासीवर पडू नये म्हणून एका मोडीत काढलेल्या बोटीची पितळी नळी त्याने बॉडीच्या तळाला बसवली होती. एवढं सगळं तो माणूस मला सांगत होता, आणि तेही बहुधा वर्षाचं बोलणं एकदम. मी काय केलं? मी हसलो. यार्डात आणखी आठ-दहा पारखी आणि दलाल उभे होते, त्यांच्याकडे बघत मी म्हणालो, "दादा, चंद्रुस होडीला लावतात. ही काय अर्नाळ्याला वल्हवत न्यायचीय का?" सगळे हसले. कैतानने दाराच्या मुठीवरचा हात काढला आणि तो फाटकाबाहेर निघून गेला. मॅगीने बोली लावली नाही. गाडी एका भंगारवाल्याकडे गेली. तिला मी पुढच्या महिन्यात खोक्यांची वाहतूक करणारी दुसरी गाडी बघून दिली, ती बरी चालली, आणि मी हा विषय डोक्यातून काढून टाकला.

गेल्या जानेवारीत वसईत एका मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. तिकीट काढून मी गेलो. अशा प्रदर्शनात मला काय मिळतं हे मलाही सांगता येत नाही, कारण आत शिरल्यापासून माझी चिडचिड सुरू होते. जिथे तिथे दोऱ्या आणि लाल गालिचे. रबर काळं कुळकुळीत पॉलिश केलेलं. एकाही गाडीखाली तेलाचा ठिपका नाही. ज्या गाडीखाली तेलाचा ठिपका नाही तिच्यात तेलच नसतं, हे कुणाला सांगायचं? बहुतेक मोटारीच होत्या. शेवटच्या कोपऱ्यात "कष्टकरी गाड्या" असा फलक लावून एक बंब, एक ट्रॅक्टर आणि एक टोमॅटोसारखा लाल ट्रक उभा होता. कष्टकरी. म्हणणाऱ्यांनी कधी जॅक तरी उचलला असेल का?

ट्रकपुढे बोर्ड होता. "आमच्या आजोबांच्या दगडखाणीतली पहिली गाडी. खाणीतली धूळ बसवण्यासाठी पाणी सोडण्याची खास पितळी नळी पाहा." मी नळी बघितली. चकचकीत घासलेली. दगडाच्या गाडीत पाणी कुठे साठवणार हा प्रश्न बोर्ड लिहिणाऱ्याला पडला नव्हता. दगडाच्या गाडीला लाकडी बॉडी टिकेल का, हाही नाही. मी दोरीवरून वाकून केबिनमध्ये डोकावलो. नव्या रंगाखाली डॅशबोर्डवर तीन बुजवलेली भोकं दिसत होती, त्रिकोणात. हीच ती, कैतानची गाडी.

गाडी सजवणारा मिस्तरी तिथेच उभा होता. नझीर. गोखिवऱ्यात माझ्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतःचं वर्कशॉप असलेला. मला बघून खूश झाला आणि आपण होऊन बोलायला लागला. गाडी कुठल्याशा भंगारवाल्याच्या आवारात झाडाखाली पडून होती, मालकाने तिथून उचलली. म्हणाला, "मिस्तरी, हिची चासी बघायला पाहिजे होती तुम्ही. वाळूचा मारा केला तर वरचा थर निघाला आणि खाली कारखान्याचा मूळ रंग. गंजाचा एक ठिपका नाही. असली चासी मी जन्मात बघितली नाही. कुणी काय लावलं होतं देव जाणे. आतल्या बाजूचं तर निघेचना, तसंच ठेवलं."

माझ्या हातोडीखाली बद्द वाजला होता तो चंद्रुसाचा थर होता. घरी आलो, जेवलो नाही. प्रदर्शन रविवारपर्यंत होतं. दोन दिवस मी स्वतःला समजावत बसलो की अकरा वर्षं झाली, कोण लक्षात ठेवतं, मॅगीचं काही बिघडलं नाही, म्हातारा असेल नसेल. तिसऱ्या दिवशी स्कूटर काढून पाचूबंदरला गेलो.

कैतान होता. ऐंशीच्या घरात आलेला, दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर सूप मांडीवर घेऊन सुका जवळा निवडत बसलेला. मी नाव सांगितलं. त्याने वर न बघता मान हलवली, म्हणजे नाव सांगायची गरज नव्हती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गाडी सापडली, चासी शाबूत आहे, तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं. मला वाटलं होतं तो रागावेल किंवा खूश होईल, दोन्हीला माझी तयारी होती.

तो जवळा निवडत राहिला. मग म्हणाला, "मना कशाला सांगतोस? मना म्हाईत हाय. तिला सांग."

आणि मग त्याने जे सांगितलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं, कारण मी विचारायलाच गेलो नव्हतो. त्या लिलावानंतर घरात त्याच्या शब्दाला किंमत राहिली नाही. छपराचा पत्रा कुठून गळतो हे तो सांगायचा, तर मुलं म्हणायची, गाडीचं काय सांगत होतास आठवतंय ना. बोटीचं इंजिन घ्यायचं होतं, तो म्हणाला हे नको, तर मॅगीच म्हणाली, बाबा, तू राहू दे. यात कुणी दुष्ट नव्हतं. घरातली माणसं करतात तशी चेष्टा. पण सत्तावीस वर्षं ज्याने एकही खेप चुकवली नाही त्याला त्याच्याच घरात गाडीतलं कळत नाही असं ठरलं, आणि ते मी ठरवलं होतं. हळूहळू त्याने सांगणंच सोडलं. हे सगळं त्याने अगदी सपाट आवाजात सांगितलं. मध्येच एक बारीक खेकडा सापडला तो बाजूला काढून ठेवला.

मॅगी दुपारी बाजारातून आली. मी एवढंच सांगितलं की तुमची जुनी गाडी प्रदर्शनात उभी आहे, दादांना बघायला न्यायची आहे. पुढचं तोंडातून निघेना. ती म्हणाली चला, आणि साडी न बदलता रिक्षात बसली.

मैदानावर कैतान थेट लाल गाडीपाशी गेला. दोरी उचलून आत शिरला. वॉचमन ओरडला, मग गाडीचा मालक आला. तिशीतला, सभ्य, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. मी त्याला सांगितलं की ही गाडी कुठली आणि हे कोण. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं आता बोर्ड बदलेल.

तो म्हणाला, "काका, मला माहितीये ती भंगारातून आणलेली आहे. पण बोर्डवर काहीतरी स्टोरी लागते ना. मासळीची गाडी लिहिलं तर पब्लिक नाक दाबून पुढे जाईल." मग कैतानकडे बघून त्याला काहीतरी सुचलं. खाकी शर्ट मागवतो, म्हणाला, यांना केबिनमध्ये बसवून फोटो काढू, खाली लिहू, आजोबांच्या खाणीतले जुने ड्रायव्हर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय काय बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. ज्या पाण्याच्या वासाने तुमची पब्लिक नाक दाबते त्या पाण्यापासून ही गाडी एका माणसाने वाचवली म्हणून ती आज तुमच्या गालिच्यावर उभी आहे, एवढं तरी छापता येईल. आजूबाजूला माणसं जमली. नझीर मला आवरायला लागला. मालक म्हणाला, काका, बीपी वाढेल. आणि मी आणखी ओरडलो. आत्ता लिहितानाही मला तो शर्ट दिसतोय.

या सगळ्या आरडाओरड्यात कैतानकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो गालिच्यावर पाठ टेकून झोपला होता आणि सरकत सरकत गाडीखाली गेला होता. ऐंशी वर्षांचा माणूस. आम्हाला नुसते त्याचे पाय दिसत होते. खालून खरवडल्याचा आवाज आला. मग त्याचा हात बाहेर आला, तळहातावर तपकिरी खडा.

मॅगीने तो घेतला. नाकाशी नेला. लहानपणापासून दर सालाला घरासमोर चूल मांडून उकळणाऱ्या चंद्रुसाचा तो वास तिला कुणी सांगायला नको होता. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी अजून मालकाकडे बोट रोखून उभा होतो.

ती म्हणाली, "मिस्तरी, हे आतल्या बाजूला हाय. खाली गेल्यावर लगेच दिसतंय. तुमी त्या दिवशी खाली गेला व्हता ना? मी ऑफिसात कागद बघत व्हते, मना दिसलं नाय. पन मी बाबाला हजारदा बोलले हाय, मिस्तरी खाली जाऊन बघून आला व्हता, तो खोटं कशाला बोलंल."

मला खोटं बोलता आलं असतं. अकरा वर्षांपूर्वीच्या गोष्टीला इथे साक्षीदार फक्त कैतान होता आणि तो गाडीखाली होता.

मी म्हणालो, नाही.

यार्डात त्या दिवशी पाणी साचलं होतं. गाडीखाली गुडघाभर चिखल होता आणि मला पुढे अजून दोन गाड्या बघायच्या होत्या. मासळीची गाडी आहे हे फाटकातूनच कळलं होतं, त्यामुळे उत्तर माझ्याकडे आधीच तयार होतं. हातोडी मी नुसती दाखवायला मारली. भुसा घालणाऱ्यांवर, केळी घालणाऱ्यांवर, गुलाबी रंगवाल्यावर आणि या कडक शर्टवाल्यावर मी इतकी वर्षं तोंड सोडत आलोय. त्यांच्यापैकी कुणीही एका माणसाला त्याच्या मुलीसमोर खोटं पाडलेलं नाही. ते मी केलं, आणि तेही कपडे चिखलात भरू नयेत म्हणून.

मॅगी खाली बसली, गाडीखाली हात घातला आणि म्हणाली, "बाबा, ये बाहेर. मी धरते." तिने त्याला दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं, उभं केलं, पाठीवरची धूळ झटकली. मालक अजून खाकी शर्टाचं काहीतरी म्हणत होता. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. चालताना तिने कैतानला विचारलं की चंद्रुस किती दिवसांनी सुकतो, आणि तो सांगायला लागला. फाटकापर्यंत तो सांगत होता आणि ती ऐकत होती. मी मागून चालत होतो.

रिक्षात त्याला बसवून ती माझ्याकडे परत आली. म्हणाली, "तो बोर्ड बदलनार नाय. तुमी लिवा. जिथं चार मानसं वाचतील तिथं लिवा. बाबाचं नाव घालून लिवा, आनि तुमचं पन."

म्हणून लिहितो. ती लाल गाडी खाणीतली नाही. ती पाचूबंदरच्या मासळीची गाडी आहे. सत्तावीस वर्षं ती कैतानने चालवली आणि चंद्रुस लावून जपली. तिची चासी त्या दिवशी उत्तम होती, आजही आहे. ती कुजली आहे असं सांगणारा मिस्तरी मी, या लेखावर ज्याचं नाव आहे तो. मी गाडीखाली गेलो नव्हतो.